‘कम्प्लाइड’ लिहिण्याआधी शॉपमध्ये जाऊन या

आरएफपी, म्हणजे संरक्षण खात्याची ऑफर मागवणारी निविदा, हातात पडली की पहिले दोन दिवस कुणालाही काही लिहू देऊ नका. फक्त वाचायचं. तेही स्क्रीनवर नाही. छापून, पंच करून, फाईलला लावून, हातात पेन्सिल घेऊन.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत गेली एकवीस वर्षं टेंडरचं काम बघते. जमिनीवरून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रं ज्या लाँचरवरून सुटतात त्यांचे सांगाडे, हायड्रॉलिक जॅक आणि ट्रेलर आम्ही बनवतो. कधी थेट निविदा भरतो, बहुतेक वेळा मोठ्या कंपनीच्या ऑफरमध्ये आमचा भाग असतो. कागद दोन्हीकडे सारखाच लागतो. मे २०२५ मधल्या ऑपरेशन सिंदूरनंतर आसपासच्या शॉपमधून, म्हणजे छोट्या कारखान्यांतून, मला फोन येऊ लागले, "ताई, आम्हालाही डिफेन्समध्ये यायचंय, ऑफर कशी करतात?" फोनवर हे सांगून होत नाही, म्हणून बैजवार लिहिते आहे.

आधी आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत ते बघा. ३ जुलै २०२५ ला संरक्षण खरेदी परिषदेने, म्हणजे डीएसीने, सुमारे १.०५ लाख कोटींच्या दहा प्रस्तावांना मंजुरी दिली. त्यात जमिनीवरून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रंही होती. बातमी छापून आली त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका शॉपवाल्याने नव्या सीएनसी मशीनची चौकशी सुरू केली. मी त्याला थांबवलं. डीएसी देते ती ‘एओएन’, म्हणजे या वस्तूची गरज आहे एवढं मान्य. त्यानंतर आरएफपी निघते, ऑफर येतात, टेक्निकल इव्हॅल्युएशन कमिटी म्हणजे टीईसी त्या तपासते, प्रत्यक्ष चाचण्या होतात, मग किंमत उघडते, वाटाघाटी होतात आणि मोठ्या रकमेचा विषय शेवटी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीसमोर जातो. एवढ्या वाटेत बरंच पाणी वाहून जातं. एओएन आली म्हणून कर्ज काढायचं नसतं. त्या काळात सर्टिफिकेटं, टेस्ट रिपोर्ट आणि सब-व्हेंडरचे जबाब जमवायचे असतात, कारण आरएफपी आल्यावर त्यांना वेळ पुरत नाही.

लहान शॉपला यात जागा कुठे आहे, हा पुढचा प्रश्न. ३० मार्च २०२३ ला लष्करासाठी सुधारित ‘आकाश’ क्षेपणास्त्र प्रणालीच्या दोन रेजिमेंटचा करार झाला, ८,१६० कोटींहून अधिक रकमेचा, भारत डायनॅमिक्स लिमिटेडशी. तेव्हा संरक्षण मंत्रालयाने सांगितलं होतं की या प्रकल्पात देशी वाटा ८२ टक्के आहे आणि तो २०२६-२७ पर्यंत ९३ टक्के करायचा आहे. हे वाक्य मी छापून टेबलासमोर लावलं आहे. ८२ चे ९३ व्हायचे तर आज बाहेरून येणारी एखादी वस्तू इथे कुणीतरी बनवायला हवी. आकाशचा लाँचर डीआरडीओच्या दिघीतल्या आर अँड डीई प्रयोगशाळेत घडला. आमच्या शॉपपासून दुचाकीवर पंधरा मिनिटं. क्षेपणास्त्रांच्या इंधनावर काम करणारी एचईएमआरएलही पुण्यातच. या गावाच्या अंगात हे काम मुरलेलं आहे. तुम्ही नवखे असाल, पण परके नाही.

आता आरएफपी. पहिल्या पानावर बघा की ती कोणत्या नियमावलीखाली निघाली आहे. भांडवली खरेदी, म्हणजे नवी शस्त्रं-साधनं, असेल तर आजवर आम्ही डीएपी २०२० म्हणजे संरक्षण खरेदी कार्यपद्धतीखाली काम केलं. महसुली खरेदीला, म्हणजे सुटे भाग-दुरुस्तीसारख्या नेहमीच्या खरेदीला, वेगळं मॅन्युअल आहे, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून तेही नवं आलं आहे. जुन्या निविदेतला मजकूर उचलून चिकटवला की नेमकी इथेच चूक होते. आपण ज्या कलमाचा हवाला देतो ते कलमच बदललेलं असतं.

डीएपीखालची आरएफपी चार भागांत असते: सर्वसाधारण अटी, तांत्रिक गरजा, व्यापारी अटी, आणि ऑफर कशी तपासणार त्याचे निकष व किंमत भरायचे तक्ते. सगळे जण दुसऱ्या भागावर झडप घालतात. मी चौथ्यापासून सुरू करते. आपल्याला कोण कशावर मोजणार आहे ते आधी कळलं की बाकीची पानं वेगळी दिसायला लागतात. मग पेन्सिल घेऊन प्रत्येक ‘शॅल’वर गोल करायचा. इंग्रजी मजकुरात जिथे ‘शॅल’ आहे तिथे बंधन आहे. मागच्या एका आरएफपीत मी साडेसहाशेच्या वर गोल मोजले. जोडपत्रांमधलेही मोजायचे, वाहतुकीच्या पॅकिंगबद्दलचा एक ‘शॅल’ जोडपत्राच्या तळटीपेत होता आणि त्याने आमच्या ट्रेलरची रुंदी ठरवली.

या गोलांचा तक्ता होतो. त्यालाच कम्प्लायन्स टेबल म्हणतात, आणि माझ्या मते अख्ख्या ऑफरमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच. आरएफपीत नमुना दिलेला असतो, तो जसाच्या तसा वापरा. पॅरा क्रमांक, काय मागितलं आहे, आपलं उत्तर, आणि पुरावा कुठल्या पानावर. बहुतेक ऑफरमध्ये तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘कम्प्लाइड’, म्हणजे ‘अट पूर्ण’, असतं आणि चौथ्यात काहीच नसतं. असा तक्ता तुम्ही तासाभरात भरू शकता, आणि त्याची किंमतही तासाभराचीच असते. टीईसीतल्या अधिकाऱ्याला तुमच्या शब्दावर नाही, पानावर बोट ठेवायचं असतं. पुरावा म्हणजे टेस्ट रिपोर्टचा क्रमांक, ड्रॉइंगचा क्रमांक, हिशोबाचं पान, किंवा आधी पुरवलेल्या मालाचं इन्स्पेक्शन सर्टिफिकेट. यातलं काहीच नसेल तर तो भाग कसा आणि कोणत्या महिन्यात सिद्ध कराल याचा आराखडा द्या, पण तेवढी मुभा त्या आरएफपीत आहे का ते आधी बघा. डीएपीत आवश्यक निकषांचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन गट असू शकतात. ‘ए’ चाचणीच्या वेळीच दाखवावे लागतात, ‘बी’ करारानंतर ठरलेल्या मुदतीत पुरे करता येतात. ‘ए’मधल्या एका ओळीत कमी पडलात तर बाकी सगळं उत्तम असून उपयोग नाही.

एक प्रसंग सांगते. आकडे देत नाही, ते देऊ नयेत. एका निविदेत वाहन थांबल्यापासून जॅक खाली येऊन लाँचर समपातळीत यायला किती सेकंद, याची मर्यादा होती. डिझाइनच्या मुलांनी हिशोब केला, वेळ सहज बसत होता, तक्त्यात ‘कम्प्लाइड’ लिहूनही झालं. संध्याकाळी मी तो कागद घेऊन शॉपमध्ये गेले. आमचे फोरमन काका तीस वर्षं हायड्रॉलिक असेंब्लीत आहेत. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि एवढंच विचारलं, "मॅडम, हे जानेवारीत लडाखला पण?" तेल गारठलं की दाट होतं, पंप ते ओढू शकत नाही, जॅक रेंगाळतो. वाक्य साधं होतं, पण तापमानाची अट आरएफपीत बावीस पानं पुढे होती आणि वेळेची इथे. दोन्ही एकत्र वाचायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आम्ही जॅक क्लायमॅटिक चेंबरमध्ये ठेवला. वेळ मर्यादेच्या बाहेर गेली. पंप बदलला, तेलाची ग्रेड बदलली, नळ्यांचा व्यास वाढवला, पुन्हा चाचणी घेतली, आणि मगच तक्त्यात चेंबरच्या रिपोर्टचा क्रमांक घातला. त्यात अकरा दिवस गेले. त्या जॅकवर उभा राहणारा लाँचर ज्या पोस्टवर जाईल तिथे आपली कुणाची तरी मुलं रात्री ड्यूटीवर असतील. म्हणून माझ्या टीमला मी एक नियम घालून दिला आहे: तांत्रिक भागातल्या प्रत्येक ‘कम्प्लाइड’समोर ज्याच्या हातून ती वस्तू घडणार त्याची सही. ती सही ऑफरमध्ये जात नाही, आमच्या प्रतीत राहते.

शंका असतील तर प्री-बिड मीटिंगच्या आधी लेखी पाठवा, पॅरा क्रमांकासह. उत्तरं सगळ्या बोलीदारांना जातात, म्हणून प्रश्न असा लिहा की त्यातून तुमचं डिझाइन उघडं पडणार नाही. आणि उत्तरातून करिजेंडम, म्हणजे शुद्धिपत्र, निघालं की तक्ता पुन्हा वरपासून तपासा. करिजेंडम हा निविदेचाच भाग असतो.

गोपनीयतेबद्दल थोडं कडक बोलते. आरएफपीचं पान, ड्रॉइंगचा फोटो, पॅरामीटरचा तक्ता व्हॉट्सअॅपवर पाठवायचा नाही. भाषांतरासाठी, सारांशासाठी कुठल्याही ऑनलाइन टूलमध्ये चिकटवायचा नाही. सब-व्हेंडरला त्याच्या भागापुरतंच ड्रॉइंग, तेही गोपनीयतेच्या करारावर सही झाल्यावर. आमच्याकडे टेंडरच्या खोलीतला कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेलाच नाही, अपलोडचं मशीन वेगळं आहे. तुमच्याकडे खोली नसेल तर एक कपाट आणि एक किल्ली तरी ठेवा.

देशी वाट्याचा हिशोब हा दुसरा विषय, ज्यात भली भली मंडळी अडकतात. ‘बाय इंडियन-आयडीडीएम’ गटात, म्हणजे देशातच डिझाइन होऊन देशातच बनलेल्या वस्तूत, डीएपी २०२० प्रमाणे देशी वाटा मूळ करारकिमतीच्या किमान ५० टक्के लागतो. लोक काय करतात, पुण्यात खरेदी केलेलं सगळं देशी धरतात. आम्हीही एकदा धरलं होतं. लाँचर फिरवणारं मोठं स्ल्यूइंग बेअरिंग चिंचवडच्या डीलरकडून घेतलं, जीएसटीचं बिल मराठी माणसाच्या नावाचं, माल मात्र युरोपातून आलेला. नियमाप्रमाणे उतरंडीच्या प्रत्येक पायरीवरचा आयात माल वजा करायचा असतो. तुमच्या व्हेंडरच्या व्हेंडरने आणलेलाही. परदेशी सेवा, रॉयल्टी, लायसन्स फी वजा. कर आणि ड्यूटीही वजा. म्हणून प्रत्येक सब-व्हेंडरकडून लेखी दाखला घ्यायचा, आणि मोठ्या रकमेच्या वस्तूंसाठी बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयातीच्या कस्टम्स कागदाची, प्रत मागायची. देणार नाही म्हणाला तर त्या वस्तूचा पूर्ण भाव आयात धरा. असा हिशोब केल्यावर आमचा वाटा सत्तरवरून एकसष्टवर आला. वाईट वाटलं, पण तो एकसष्ट कुणी कुठेही तपासला तरी एकसष्टच राहिला असता. शेजारी देशांबद्दलची अटही इथेच बघून घ्या: भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातल्या बोलीदाराला जुलै २०२० पासून आधी नोंदणी लागते, आणि त्याबद्दलचं प्रमाणपत्र तुम्हाला द्यावं लागतं.

कागदपत्रांची यादी आरएफपीतच असते, ती मी इथे उतरवत नाही. तीनच गोष्टी सांगते, कारण त्या शेवटच्या दिवशी गळ्याशी येतात. सीएच्या प्रत्येक दाखल्यावर यूडीआयएन, म्हणजे त्या दाखल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हवा. सही करणाऱ्याच्या नावाचं मुखत्यारपत्र निविदेच्या तारखेला चालू हवं. संचालक बदलले की ते बाद होऊ शकतं. आणि उद्यम नोंदणी असेल तर सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाणा रकमेत, म्हणजे ईएमडीत, सूट मिळते, पण ती नोंदणी त्याच वस्तूच्या उत्पादनाची असावी, नुसत्या ट्रेडिंगची नाही. बँक गॅरंटीचा नमुना आरएफपीतला असतो. बँक स्वतःचा नमुना पुढे करते. बँकेत स्वतः जाऊन शब्दन् शब्द जुळवून घ्या.

किमतीकडे येऊ. स्टील, मशीनिंग, वेल्डिंग, पेंट सगळ्यांना येतं. विसरतं ते बाकीचं. चाचण्या ‘नो कॉस्ट नो कमिटमेंट’ असतात, म्हणजे वस्तू, वाहन, माणसं, विमा, सगळं आपल्या खर्चाने. पुण्याहून ट्रेलर पोखरणला न्यायचा, आठ माणसं तिथे ठेवायची, एक पंप बिघडला तर दुसरा विमानाने पाठवायचा. हा खर्च कुठे धरला आहे? पर्यावरण चाचण्या जेएसएस ५५५५५ या लष्करी मानकाप्रमाणे, विद्युतचुंबकीय अडथळ्यांच्या ईएमआय-ईएमसी चाचण्या, लॅबच्या रांगेत जाणारे आठवडे. सुटे भाग, खास हत्यारं, वापरपुस्तिका आणि दुरुस्तीपुस्तिका, जवानांचं प्रशिक्षण, वॉरंटीत लेह किंवा तेजपूरला धावणारा माणूस. गॅरंटीवरचं बँकेचं कमिशन वर्षानुवर्षं चालतं. किंमत दीड-दीड वर्ष धरून ठेवावी लागते, तोवर स्टील आणि युरो कुठे जातील त्याचा अंदाज. उशिराचा दंड आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल दहा टक्के असेल, तर वीस आठवड्यांचा उशीर म्हणजे दहा टक्के गेले. तुमचा नफा आठ टक्के धरलेला असेल तर काय होईल ते कागदावर मांडा आणि मालकांना दाखवा. मी दरवेळी मांडते.

सगळ्यात कमी किमतीचा बोलीदार, म्हणजे एल-वन, होण्यासाठी शेवटच्या रात्री पाच टक्के कापायची घाई सगळ्यांना होते. मी एकच विचारते, यातलं काय कमी करणार ते नाव घेऊन सांगा. कुणी नाव घेऊ शकलं नाही तर आकडा बदलत नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक. अनेक वर्षांपूर्वीची आहे, पण तारीख पाठ आहे. टेक्निकल बिड आणि प्राइस बिड वेगळ्या असतात आणि टेक्निकलमध्ये किंमतीचा मागमूस चालत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. जॅकच्या सीलबद्दलचा पुरावा म्हणून मी सब-व्हेंडरचं पत्र जोडलं. चार पानी पत्र होतं. पहिली दोन पानं तांत्रिक, आणि चौथ्या पानावर तळाशी त्याचा दर. मी चौथं पान उलटून बघितलं नाही. ऑफर बाद झाली. सत्तर माणसांचं चार महिन्यांचं काम होतं ते. समितीने नियमाप्रमाणे केलं, तक्रारीला जागा नव्हती. त्यानंतर आमच्याकडे टेक्निकल बिडचं प्रत्येक पान, जोडपत्रांसह, एक माणूस फक्त रुपयाचं चिन्ह, ‘आरएस’, ‘लाख’, ‘रेट’ हे शब्द शोधत वाचतो. त्याला दुसरं काही वाचायची परवानगी नाही. स्कॅन केलेल्या पानांवर कॉम्प्युटरचा सर्च चालत नाही, म्हणून डोळ्यांनीच.

दुसरा वाचक हवा तो ऑफर लिहिताना नसलेला. आम्ही लष्कराच्या हवाई संरक्षण दलातून निवृत्त झालेल्या एका सुभेदार मेजरांना बोलावतो. त्यांच्या हातात फक्त आरएफपी आणि आमचं बाड देतो. ते एक पॅरा वाचतात आणि त्याचं उत्तर शोधतात. दोन मिनिटांत सापडलं नाही तर पानावर लाल खूण. पहिल्या फेरीत लाल खुणा शंभराच्या आसपास येतात. त्या बहुतेक पान क्रमांकाच्या, इंडेक्सच्या, धूसर ड्रॉइंगच्या असतात. त्या दुरुस्त करायला पूर्ण आठवडा राखून ठेवा. लिहायला कमी वेळ मिळाला तरी चालेल.

अपलोड पोर्टलवर असेल तर आदल्या दिवशीच करा. घड्याळ पोर्टलच्या सर्व्हरचं धरतात, भिंतीवरचं नाही. किंमतीची बीओक्यू फाईल उतरवून घेतली त्याच नावाने परत चढवायची. नाव बदललं तर ती स्वीकारली जात नाही. डिजिटल सहीचं टोकन आठवडाभर आधी लावून बघा, मुदत बघा, आणि दुसऱ्या अधिकाऱ्याच्या नावाचं टोकनही पोर्टलवर नोंदवून ठेवा. काही ठिकाणी अजून सीलबंद पाकिटं लागतात. तिथे माणूस पाठवायचा तो एक दिवस आधी दिल्लीत किंवा हैदराबादला पोचेल असाच. ऑफिसात जायला गेटपास लागतो.

भरून झालं की त्याच दिवशी अख्ख्या ऑफरचा एक गोठवलेला संच करा. टीईसीचे प्रश्न येतील तेव्हा उत्तर त्याच संचातून द्यायचं. स्पष्टीकरण द्यायला हरकत नाही. दिलेली तांत्रिक बाब बदलायला असते. वाटाघाटीच्या टेबलावर ‘हा दर कसा आला’ असं विचारतात तेव्हा कॉस्टिंगची वही लागते, तीही याच कपाटात.

आणि चाचणीचं बोलावणं येण्याची वाट न बघता ट्रेलरची पेटी भरून ठेवा. प्रत्येक मापाची सील दोन जोड्या, फिल्टर, फिटिंग, तेलाचे दोन ड्रम, कॅलिब्रेशनची मुदत शिल्लक असलेले प्रेशर गेज, हाताने चालणारा पंप, आणि त्या कम्प्लायन्स टेबलची ती प्रत, जिच्यावर फोरमन काकांची सही आहे.